दोन नाकपुड्यांची लाल गाडी

त्या गाडीला दोन नाकपुड्या होत्या. निमुळतं तोंड, त्यात शेजारी-शेजारी दोन लांबट भोकं, आणि मागे सिगारसारखं सडपातळ लाल अंग. कारखान्यातलं तिचं नाव फेरारी १५६. बघणाऱ्यांनी तिला ‘शार्कनोज’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. १९६१ साली ती फॉर्म्युला वनच्या शर्यतींत धावत होती, तेव्हा इंग्लंडच्या ईशान्येला मिडल्सबरो नावाच्या धुरकट पोलादनगरीत दहा वर्षांचा एक मुलगा तिच्या नादाला लागला. नाद पोरवयातच सुटला असता तर सांगण्यासारखं काही नव्हतं. पण तो मुलगा मोठेपणी ख्रिस रिआ झाला. घोगऱ्या, खरखरीत आवाजाचा, बोटात काचेची नळी घालून गिटार रडवणारा ब्लूज-रॉक गायक. पंचेचाळीस वर्षांचा असताना, चांगलं नाव आणि पैसा हाताशी असताना, त्याने त्या गाडीपायी एक अख्खा चित्रपट लिहिला आणि त्याचा अल्बम केला. दोन्हींचं नाव एकच, ‘ला पासिओने’. साल १९९६.

चित्रपट आपटला. अल्बमही त्याच्या आधीच्या अल्बमांच्या मानाने थोडकाच खपला. तरीही रिआच्या सगळ्या रेकॉर्डी काढून समोर मांडल्या तर माझा हात याच अल्बमकडे जातो. कारण शोधायचं तर गाडीपाशी न थांबता थोडं मागे, आइसक्रीमपर्यंत जावं लागतं.

ब्रिटनमधल्या इटालियनांचा इतिहास आइसक्रीमच्या गाड्यांवरून सांगता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीच्या डोंगराळ खेड्यांतून माणसं पोटासाठी बाहेर पडली. कुणी रस्त्यावर बाजाची पेटी फिरवली, कुणी भाजलेले चेस्टनट विकले. उन्हाळ्यात मात्र बहुतेकांच्या हातगाडीवर बर्फ आणि दुधाचं मिश्रण असे. जाड काचेच्या छोट्या पेल्यात पेनीभर आइसक्रीम मिळायचं. गिऱ्हाइकाने ते चाटून पेला परत करायचा आणि विकणाऱ्याने तो कसाबसा विसळून पुढच्याला भरून द्यायचा. रोगराईच्या भीतीने लंडनमध्ये १८९९ साली या पेल्यांवर बंदी आली. पुढे खायचा कोन आला आणि पेल्याची कटकट मिटली. हातगाडीचं दुकान झालं, दुकानाचं कॅफे झालं. वेल्सच्या कोळसा-खोऱ्यांपासून स्कॉटलंडच्या बंदरांपर्यंत प्रत्येक गावात एक इटालियन आडनाव आणि एक कॉफीचं यंत्र दिसू लागलं.

मग १० जून १९४० उजाडला. मुसोलिनीने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं आणि त्याच रात्री अनेक शहरांत जमावाने या दुकानांच्या काचा फोडल्या. ज्याच्याकडून वर्षानुवर्षं आइसक्रीम घेतलं तो शेजारी एका बातमीसरशी शत्रू ठरला. इटालियन पुरुषांना पकडून छावण्यांत टाकलं गेलं. काहींना कॅनडाला नेणारं ‘अरांडोरा स्टार’ हे जहाज २ जुलै १९४० रोजी जर्मन पाणबुडीने आयर्लंडच्या किनाऱ्यापलीकडे बुडवलं. त्यात चारशेहून अधिक इटालियन गेले. त्यांतले कितीतरी जण आइसक्रीमवाले, कॅफेवाले, स्वयंपाकी. युद्ध संपलं, काचा नव्याने बसल्या, दुकानं पुन्हा उघडली. ज्यांनी दगड मारले होते त्यांनाच पुन्हा ‘काय देऊ?’ असं विचारायचं होतं.

ख्रिस रिआ जन्मला तो ४ मार्च १९५१ रोजी, म्हणजे त्या रात्रीला अकरा वर्षंही झाली नव्हती. वडील कामिल्लो इटालियन, आई विनिफ्रेड आयरिश. सात भावंडं. वडिलांचा आइसक्रीमचा कारखाना आणि कॅफे. टीस नदीच्या त्या टापूत ‘कामिल्लोज’ हे नाव सगळ्यांच्या ओळखीचं. मिडल्सबरो म्हणजे लोखंडाचं गाव. सिडनीच्या बंदरावरच्या प्रसिद्ध पुलाचं काम मिळवणारी डॉर्मन लाँग कंपनी इथलीच. शाळेतल्या बहुतेक पोरांचे बाप भट्टीवर किंवा रासायनिक कारखान्यात, आणि याचा बाप व्हॅनिला घोटणारा. ख्रिसने स्वतः त्या कारखान्यात काम केलं, पिंपं हलवली. इटालियन असणं म्हणजे काय, तर घरात ऑलिव्ह तेलाचा वास, रविवारी चर्च आणि बाहेर आडनावावरून टिंगल. मिरवावं असं त्यात फारसं काही नव्हतं. आणि १९६१ साली अचानक काहीतरी मिरवण्याजोगं आलं. ते लाल होतं, त्याला दोन नाकपुड्या होत्या आणि ते सगळ्या इंग्रजांना मागे टाकत होतं.

यामागे नियमांचा एक गमतीदार घोळ होता. शर्यती फार वेगवान आणि जीवघेण्या झाल्या म्हणून १९६१ पासून फॉर्म्युला वनच्या इंजिनाची मर्यादा २५०० सीसीवरून १५०० सीसीवर आणायचं ठरलं. हे दोन वर्षं आधीपासून जाहीर होतं. ब्रिटिश संघांना ते मुळीच पसंत नव्हतं. ते भांडत राहिले, वेगळी शर्यतमालिका काढायच्या गोष्टी करत राहिले. नियम शेवटी मागे घेतला जाईल या आशेवर नवीन इंजिन करायचं त्यांच्याकडून राहूनच गेलं. तिकडे इटलीतल्या मारानेल्लोत एन्झो फेरारी गप्प होता. त्याच्याकडे खालच्या दर्जाच्या शर्यतींसाठी केलेलं सहा सिलिंडरचं १५०० सीसी इंजिन तयारच होतं. कार्लो कीती या गोलमटोल अभियंत्याने ते चालकाच्या पाठीमागे बसवलं, त्याची आणखी पसरट आवृत्ती केली आणि पुढे ते शार्कचं तोंड लावलं. १.५ लिटर आणि ६ सिलिंडर म्हणून नाव १५६. त्यातून सुमारे १९० अश्वशक्ती निघत होती; ब्रिटिशांची जुनी चार सिलिंडरवाली इंजिनं १५०च्या आसपास घुटमळत होती.

त्या वर्षी फेरारीला हरवायला स्टर्लिंग मॉसची अलौकिक हातोटी तरी लागे, नाहीतर पाऊस. मॉसने मोनाकोत आणि न्यूरबुर्गरिंगला ते करून दाखवलं. बाकी ठिकाणी लाल गाड्याच. बेल्जियममधल्या स्पाला पहिले चारही क्रमांक फेरारीचे. फ्रान्समधल्या रेंसला तर जानकार्लो बागेत्ती नावाचा नवखा तरुण विश्वविजेतेपदाच्या आपल्या पहिल्याच ग्रां प्रीत जिंकून गेला. पण मिडल्सबरोच्या मुलाचा नायक या कुणांतलाही नव्हता. त्याचा नायक जर्मन होता.

वोल्फगांग फॉन ट्रिप्स. कोलोनजवळच्या होरेम गावातल्या गढीतला सरंजामी काउंट, देखणा, मिठ्ठास बोलणारा, वयाने ३३. सुरुवातीच्या काळात तो इतक्या वेळा आपटला होता की त्याला ‘काउंट क्रॅश’ म्हणत. मॉन्झाच्या मैदानावरच १९५६ साली सरावात तो उडाला आणि १९५८ साली पहिल्याच फेरीत धडकून पाय मोडून घेतला. पण १९६१ साली तो माणूस निवळला होता. मे महिन्यात हॉलंडमध्ये झान्डवोर्टला तो जिंकला. त्या शर्यतीत एक नवल घडलं, सुटलेल्या १५च्या १५ गाड्या शेवटपर्यंत पोचल्या आणि एकही मध्ये दुरुस्तीला थांबली नाही. जुलैत इंग्लंडमध्येच, लिव्हरपूलजवळच्या एन्ट्रीला, धो धो पावसात तो पुन्हा जिंकला; मागोमाग फिल हिल आणि रिची गिंथर, तिघेही फेरारीत. इंग्रजांच्या घरात, इंग्रजांच्या पावसात पहिले तीन क्रमांक इटालियन गाड्यांचे. आइसक्रीमवाल्याच्या पोराने त्या आठवड्यात मान किती ताठ ठेवली असेल याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती नको.

१० सप्टेंबर १९६१. मॉन्झा. विजेतेपदासाठी फॉन ट्रिप्सचे ३३ गुण, त्याचाच संघसोबती अमेरिकन फिल हिल याचे २९. फॉन ट्रिप्स सगळ्यांत पुढच्या जागेवरून सुटणार होता. जिंकला तर तो पहिला जर्मन विश्वविजेता ठरणार होता. त्या वर्षी मॉन्झाला नेहमीचा रस्ता आणि तिरप्या उभ्या भिंतींचा जुना गोलमार्ग जोडून १० किलोमीटरची एक फेरी केली होती. सुटताना तो जरा मागे पडला. दुसऱ्या फेरीत, पाराबोलिका या लांबलचक वळणाच्या आधी, जिम क्लार्कची लोटस आणि त्याची फेरारी एकमेकींना घासल्या. फेरारी डावीकडच्या मातीच्या बांधावर चढली, वर तारेच्या कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या माणसांवरून घासत गेली आणि उलटी होऊन पुन्हा रस्त्यावर पडली. फॉन ट्रिप्स गाडीबाहेर फेकला गेला आणि गतप्राण झाला. त्याच्याबरोबर १५ प्रेक्षक. लेखकाने इथे विशेषणं घालू नयेत.

शर्यत थांबवली नाही. उरलेल्या ४१ फेऱ्या पुऱ्या झाल्या. फिल हिल जिंकला आणि एका गुणाने जगज्जेता झाला, पहिला अमेरिकन विजेता. मित्र गेल्याचं त्याला गाडीतून उतरल्यावर कळलं. काही दिवसांनी होरेमला त्याने फॉन ट्रिप्सच्या शवपेटीला खांदा दिला. फेरारीने वर्षातल्या शेवटच्या, अमेरिकेतल्या शर्यतीला संघ पाठवलाच नाही. म्हणजे नव्या विश्वविजेत्याला स्वतःच्या देशातल्या लोकांपुढे गाडी चालवायलाही मिळाली नाही. जिम क्लार्कच्या मागे इटालियन चौकशीचं शुक्लकाष्ठ बराच काळ लागून राहिलं.

मग मारानेल्लोतही घर फिरलं. त्याच वर्षाअखेर एन्झोच्या पत्नीच्या कारभारातल्या ढवळाढवळीवरून भांडण पेटलं आणि कीती, संघव्यवस्थापक रोमोलो ताव्होनी आणि आणखी काही बडी मंडळी एका दमात बाहेर पडली. पुढच्या वर्षी त्याच गाडीला विश्वविजेतेपदाची एकही ग्रां प्री जिंकता आली नाही. ब्रिटिशांची आठ सिलिंडरची इंजिनं एव्हाना तयार झाली होती. एन्झोला जुन्या शर्यतगाड्यांचं प्रेम नव्हतं. काम संपलं की त्या मोडायच्या, उपयोगी पडेल ते काढून घ्यायचं, बाकीचं भंगार. शार्कनोजचंही तेच झालं. एकसुद्धा उरली नाही. जगातली सगळ्यांत सुंदर शर्यतगाडी म्हणून जिचं नाव निघतं, तिचा एकही अस्सल नमुना कुठल्याही संग्रहालयात नाही.

मिडल्सबरोत काय उरलं असेल? दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यातलं चित्र. बस.

रिआचं पुढचं आयुष्य मी भरभर सांगतो, कारण ते बऱ्याच जणांना ठाऊक आहे. गिटार त्याने उशिरा, विशी ओलांडल्यावर हातात घेतली. चार्ली पॅटन, राय कूडर, जो वॉल्श ऐकत-ऐकत स्वतःच शिकला. गावातल्या मॅग्डलीन नावाच्या बँडमध्ये तो शिरला, तो डेव्हिड कव्हरडेल डीप पर्पलमध्ये गेल्याने मोकळ्या झालेल्या जागेवर. मॅग्नेट या रेकॉर्ड कंपनीने त्याला घेतलं आणि तिथे एक मजा झाली. कंपनीला ‘ख्रिस रिआ’ हे नाव पटेना. तिने सुचवलं, ‘बेनी सँटिनी’ हो. म्हणजे खऱ्या इटालियन आडनावाच्या माणसाला, विक्रीसाठी, जरा जास्त इटालियन वाटणारं खोटं आडनाव! रिआने ते नाकारलं आणि १९७८ साली पहिल्या अल्बमला नाव दिलं ‘व्हॉटएव्हर हॅपन्ड टु बेनी सँटिनी?’ म्हणजे, त्या बेनी सँटिनीचं पुढे काय झालं? या थट्टेत ‘ला पासिओने’चं बीज आहे असं मला वाटतं. आपण कोण आहोत हे दुसऱ्यांनी ठरवायचं, आणि तेही गिऱ्हाईक बघून, या गोष्टीची चीड त्याच्यात तेव्हापासून होती.

त्याची गाणी मोटारीत जन्मत. नाताळला मोटारीने घरी निघालेल्या माणसाचं गाणं बायको लंडनहून मिडल्सबरोला गाडी हाकत असताना सुचलेलं. १९८९ सालचा ‘द रोड टु हेल’ लंडनभोवतीच्या महामार्गावरच्या वाहतुकीच्या कोंडीतून उगवलेला. तो ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. १९९१ साली ‘ओबेर्ज’ही पहिल्या क्रमांकावर, आणि त्याच्या मुखपृष्ठावर पुन्हा मोटारच. पैसा आला तशी हौस वाढली. तो स्वतः शर्यतींत उतरू लागला. १९९५ साली मोनाकोच्या ग्रां प्रीत तो जॉर्डन संघाच्या पिटमध्ये मेकॅनिक म्हणून उभा राहिला, एडी अर्व्हाइनच्या गाडीचं मागचं उजवं चाक त्याच्याकडे. लाखो रेकॉर्डी खपवलेला माणूस वाकून चाक बदलतोय! हौसेला मोल नाही म्हणतात, पण ही नुसती हौस नसावी. कारखान्यात पिंपं हलवलेल्या माणसाला हाताला काळं लागल्याशिवाय चैन पडत नसणार.

आणि मग त्याने कागदावर एक गोष्ट लिहिली. साठच्या दशकातलं उत्तर इंग्लंड, इटालियन आइसक्रीमवाल्याचं घर, जो नावाचा मुलगा. घरात पापा, मामा, आजी. डोक्यात फेरारी आणि फॉन ट्रिप्स. दिग्दर्शक जॉन बी. हॉब्ज. भूमिकांत पॉल शेन, कार्मेन सिल्व्हेरा अशी ब्रिटिश घराघरांत विनोदी मालिकांमुळे माहीत असलेली मंडळी, तरुण जोच्या भूमिकेत शॉन गॅलहर. आणि मुलाच्या स्वप्नात साक्षात शर्ली बॅसी, स्वतःच्याच भूमिकेत.

बॅसी इथे कशी, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. ब्लूज गाणाऱ्या माणसाच्या रेकॉर्डवर बाँडपटांची शीर्षकगीतं गाणारी, पिसांचे अंगरखे घालणारी भडक थाटाची गायिका! पण तारखा बघा. फॉन ट्रिप्स गेला १० सप्टेंबर १९६१ला. त्याच महिन्याच्या २१ तारखेला ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर कोण आलं? शर्ली बॅसी. म्हणजे त्या मुलाच्या कानावर त्या सप्टेंबरात हाच आवाज पडत असणार. आणखी एक. बॅसी कार्डिफच्या टायगर बे या खलाशांच्या वस्तीतली, नायजेरियन खलाशाची मुलगी, सात भावंडांत धाकटी. मिडल्सबरोच्या सात भावंडांपैकी एक असलेल्या इटालियन पोराने इंग्लंडात झळाळणारं कुणी शोधलं, तर अस्सल इंग्रज नसलेलीच बाई त्याला सापडली. रिआने हे हिशेब मांडून केलं असेल असं मी म्हणणार नाही. पण कलावंताच्या निवडी हिशेबापेक्षा खोलवरून येतात.

गाडीचं काय करायचं? अस्सल तर एकही नव्हती. रिआने शार्कनोजची प्रतिकृती बनवून घेतली. जुन्या छायाचित्रांवरून, आठवणींवरून, भंगारात गेलेली गाडी परत पत्र्यात उभी केली. या उद्योगाला वेडेपणा म्हणणारे म्हणोत. पडद्यावर ते नाक एकदा दिसतं तेव्हा सगळा खर्च वसूल होतो.

आता अल्बम. ‘रोड टु हेल’चा रिआ अपेक्षून ज्यांनी तो विकत घेतला ते बुचकळ्यात पडले असणार. सुरुवातीलाच वाद्यवृंद. व्हायोलिनांची लांब, ओथंबलेली ओळ, इटालियन चित्रपटसंगीताच्या वळणाची. गिटार कुठे आहे म्हणून शोधावं लागतं. एका रचनेचं नाव ‘दोव्हे इल सिन्योरे?’, म्हणजे ‘प्रभू कुठे आहे?’ एकीचं ‘ऑलिव्ह ऑइल’. एकीचं ‘हॉर्सेस’. बॅसीसोबतचं ‘शर्ली, डू यू ओन अ फेरारी?’ हे गाणं म्हणजे मुलाने स्वप्नातल्या बाईला विचारलेला निरागस प्रश्न. आणि ‘डिस्को ला पासिओने’, ज्यात बॅसी आपला सगळा थाट मोकळा सोडते आणि रिआचा खर्ज तिच्याखाली जमिनीसारखा पसरतो. हे गाणं वेगळं, एकटंच बाजारात आणलं गेलं. ते चाललं नाही. माझ्या मते ते अल्बममधलं सगळ्यांत कमकुवत गाणं आहे. नाचघरासाठी केलेली ती तडजोड कानाला कळते. उलट ‘व्हेन द ग्रे स्काइज टर्न टु ब्लू’ घ्या. मिडल्सबरोचं करडं आभाळ निळं होण्याची वाट बघणं एवढाच त्यात विषय, आणि शब्दांपेक्षा सुरावटच तो बोलते.

‘पासिओने’ या शब्दाचे इटालियनमध्ये दोन अर्थ. एक ओढ, वेड, नाद. दुसरा ख्रिस्ताने क्रुसापर्यंत भोगलेल्या यातना. दोन्ही बाजूंनी कॅथलिक घरात वाढलेल्या माणसाला हा दुसरा अर्थ ठाऊक नव्हता असं होऊच शकत नाही. मुलाने देव मानलेला माणूस रविवारी, हजारो लोकांसमोर मरतो आणि मुलगा विचारतो, प्रभू कुठे आहे? हे लक्षात घेतलं की रेकॉर्डची बांधणी उलगडते. ती मोटारींची रेकॉर्ड नाहीच. एका घरातली श्रद्धा, एका पोराचा पहिला मृत्यू आणि ज्या देशात आपण उपरे त्या देशात मान वर करून बघण्याचा एक उन्हाळा, अशी ती तिहेरी आहे. त्यात ब्लूज कुठे, असं विचारणाऱ्यांनी थोडं थांबावं. ब्लूज बारा बारच्या चौकटीत राहत नाही. उपऱ्या माणसाने हरवलेल्या गोष्टीचं नाव पुन्हा पुन्हा घेणं याला आणखी काय म्हणतात?

चित्रपटाबद्दल मात्र मला वकिली करता येत नाही. नाकापेक्षा मोती जड झाला. गोष्ट हलकी, विनोदी मालिकेच्या वळणाची; संगीत मात्र शोकांतिकेच्या उंचीचं. पात्रं हसवत असतात आणि मागे व्हायोलिनं रडत असतात. पॉल शेन चांगला नट, पण त्याच्या चेहऱ्यावर ब्रिटिश सुट्टीच्या शिबिराची विनोदी मालिका इतकी पक्की बसलेली की त्याच्यात कामिल्लो दिसत नाही. चित्रपटगृहांत तो आला आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत गेला.

त्याच वर्षी नियतीने एक खोडी केली. १९९६ साली फेरारीने नवा चालक घेतला, मिखाएल शूमाखर, केर्पेनमध्ये वाढलेला. फॉन ट्रिप्सचं होरेम आता याच केर्पेन शहराचा भाग आहे. ८ सप्टेंबर १९९६ रोजी, पस्तीस वर्षांना दोन दिवस कमी असताना, तो लाल फेरारीत मॉन्झाला जिंकला. रिआचा चित्रपट जर काही शर्यतवेड्यांना ठाऊक असता तर त्या रविवारी त्याच्या जाहिरातीसाठी एक पैसाही लागला नसता. पण बाजाराला असे योग जुळवता येत नाहीत.

पुढची काही वर्षं रिआने कंपनीला हवं तेही केलं. ‘रोड टु हेल’चा दुसरा भागसुद्धा काढला. मग २००१ साली स्वादुपिंडाच्या आजारासाठी मोठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यातून तो मरता-मरता वाचला. वाचलो तर फक्त ब्लूजच करीन असं त्याने ठरवलं होतं आणि ते पाळलं. मोठ्या कंपनीला रामराम ठोकून ‘जॅझी ब्लू’ हे स्वतःचं लेबल काढलं, २००२ साली ‘डान्सिंग डाउन द स्टोनी रोड’ आणला. २००५ साली ‘ब्लू गिटार्स’ हा ११ तबकड्यांचा आणि १३७ गाण्यांचा डोंगर उभा केला, आफ्रिकेपासून शिकागोपर्यंत ब्लूजची सगळी वाट चालून, सोबत स्वतः काढलेली चित्रं जोडून. एवढं करून ‘ला पासिओने’ विसरायला हरकत नव्हती. तो विसरला नाही. २०१५ साली त्याने तो पुन्हा हाती घेतला. संगीत आणि चित्रफीत नव्याने जुळवली आणि पुस्तक, सीडी, डीव्हीडी असा संच करून बाजारात ठेवला. पहिल्या वेळी जे जमलं नव्हतं ते दुरुस्त करण्यासाठी चौसष्ट वर्षांचा माणूस पुन्हा दहा वर्षांच्या मुलाकडे गेला. किती प्रती खपतील याची चिंता तेव्हा त्याला असेल असं वाटत नाही.

पुढच्याच वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका आला. तो सावरला, पुन्हा गायला, २०१७ साली ‘रोड साँग्ज फॉर लव्हर्स’ काढला. २२ डिसेंबर २०२५ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तो गेला. नाताळला तीन दिवस बाकी होते, आणि त्याचं ते घरी निघालेल्या माणसाचं गाणं ब्रिटनभर वाजत होतं. मृत्युलेखांत बहुतेकांनी त्याच गाण्यापासून सुरुवात केली. साहजिक आहे. ‘ला पासिओने’ला एखादी ओळ मिळाली तर मिळाली.

तुम्ही तो ऐकणार असाल तर चित्रपट आधी बघू नका. रात्री, दिवा मालवून, पहिल्या वाद्यवृंदापासून सुरुवात करा. डिस्कोचं गाणं आलं तर पुढे सरका, माझी हरकत नाही. आणि एक गोष्ट सांगायची राहिली. विशीत रिआने जी पहिली गिटार विकत घेतली, जुनी, दुसऱ्याने वापरलेली हॉफनर, ती १९६१ सालची होती.